कुणाचे मिंधे नसण्याचे स्वप्न : ‘द गॉडफादर’विषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या १९७२ मधील ‘द गॉडफादर’ या चित्रपटाचा उल्लेख ओघात आला होता. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून एवढी पत्रे आली की या वेळचे सदर त्या एकाच चित्रपटाला देणे भाग पडले. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा दोन वाक्यांत सांगतो. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या दहा वर्षांतील न्यूयॉर्कमध्ये सिसिलीहून आलेला व्हिटो कॉर्लिओनी हा वृद्ध ‘डॉन’ जुगार, खंडणी आणि राजकीय ओळखी यांच्या बळावर एक साम्राज्य चालवतो आहे. त्याचा धाकटा मुलगा मायकल युद्धात शौर्य गाजवून परतला आहे आणि बापाच्या धंद्यापासून दूर राहण्याचा त्याचा निश्चय आहे. परंतु बापावर गोळीबार होतो आणि तोच मुलगा अखेरीस बापाच्या खुर्चीवर बसतो.

पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. नातवाबरोबर हा चित्रपट प्रथमच पाहिला. गुंडांवरील चित्रपट ‘माझा अमेरिकेवर विश्वास आहे’ या वाक्याने का सुरू होतो आणि ते बोलणारा मनुष्य एवढा दुःखी का आहे, असे नातवाने विचारले. मला उत्तर देता आले नाही. — निवृत्त शिक्षक, पारोळा

उत्तर : गुरुजी, तुमच्या नातवाने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. पडदा पूर्ण काळा असताना ते वाक्य ऐकू येते, मग अंधारातून एक चेहरा उमटतो आणि कॅमेरा अतिशय संथपणे मागे सरकत जातो. बोलणारा अमेरिगो बोनासेरा हा अंत्यविधीची व्यवस्था करून देणारा व्यावसायिक आहे. ज्या अमेरिगो व्हेस्पुचीच्या नावावरून त्या खंडाचे नाव पडले, तेच नाव या गृहस्थाला दिलेले आहे. अमेरिकेनेच आपले भाग्य उजळवले, असे तो सांगतो. मुलीला त्याने अमेरिकी पद्धतीने वाढवले, तिला मोकळीक दिली. दोन तरुणांनी तिच्यावर अतिप्रसंग करण्याचा प्रयत्न केला, तिने प्रतिकार केला तेव्हा तिला इतके मारले की तिचा जबडा तारेने बांधावा लागला. बोनासेरा चांगल्या अमेरिकी नागरिकाप्रमाणे पोलिसांकडे गेला. न्यायाधीशाने तरुणांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली आणि लगेच ती स्थगितही केली. दोघे त्याच दिवशी मोकळे सुटले. न्यायालयात आपण मूर्खासारखे उभे राहिलो, असे तो सांगतो. आता तो डॉनच्या अंधाऱ्या खोलीत न्याय मागायला आला आहे. बाहेर अंगणात डॉनच्या मुलीच्या लग्नाची वाजंत्री चालू आहे, आणि मुलीच्या लग्नाच्या दिवशी सिसिलीचा मनुष्य कोणाची मागणी नाकारू शकत नाही, असा त्यांच्याकडे रिवाज आहे.

‘अमेरिकन ड्रीम’ हा शब्दप्रयोग जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकाराने १९३१ मध्ये, म्हणजे ऐन महामंदीत, रूढ केला. मोटारी आणि मोठे पगार एवढाच त्याचा अर्थ नाही, हे त्याने स्वतःच बजावले होते. मनुष्य कोणत्या घरात जन्मला हे न पाहता त्याला त्याच्या कुवतीइतके वाढता यावे, असे त्याचे म्हणणे होते. मला या कल्पनेचा अर्थ मराठीत सांगायचा झाला तर मी ‘समृद्धी’ हा शब्द वापरणार नाही. ‘कुणाचे मिंधे नसणे’ हाच तिचा गाभा आहे असे मला वाटते. सरंजामदार नाही, सावकार नाही, गावचा पाटील नाही. आपला धंदा, आपले घर आणि आपल्या बाजूने उभा राहणारा कायदा. बोनासेराने हे स्वप्न मनापासून खरे मानले होते.

आता डॉन त्याला काय म्हणतो ते पुन्हा ऐका. वर्षानुवर्षांची ओळख, माझी पत्नी तुझ्या एकुलत्या मुलीची धर्ममाता, तरी तू मला कधी कॉफीसाठी घरी बोलावले नाहीस. तुला अमेरिकेत स्वर्ग सापडला होता, धंदा बरा चालला होता, पोलिसांचे संरक्षण होते, तुला माझ्यासारख्या मित्राची गरज नव्हती. आणि याच बोलण्यात तो सहज म्हणावे तसे सांगतो, की तुला माझ्या ऋणात अडकण्याची भीती वाटत होती. माझ्या मते संपूर्ण चित्रपट या वाक्यावर उभा आहे. बोनासेरा पैसे देऊ करतो, ते डॉनला अपमानास्पद वाटते, कारण पैसे दिले की व्यवहार संपतो. बोनासेरा अखेर मान लववतो, हाताचे चुंबन घेतो, ‘गॉडफादर’ म्हणतो, तेव्हाच काम होते. आणि एखाद्या दिवशी, कदाचित तो दिवस कधी येणारही नाही, मी तुला एक काम सांगेन, असे ऐकून तो बाहेर पडतो.

आपल्या भागात जुन्या पिढीने सावकाराच्या वह्या पाहिल्या आहेत. त्या वहीत निदान रक्कम लिहिलेली असे, व्याज लिहिलेले असे, आणि फेडणारा कधी तरी वही फाडून मागू शकत असे. डॉनच्या वहीत रक्कमच नाही. म्हणून ते कर्ज फिटत नाही. पुढे डॉनचा थोरला मुलगा सनी गोळ्यांनी चाळण होऊन पडतो तेव्हा त्याचे प्रेत बोनासेराकडे येते, आणि आईने त्याला या अवस्थेत पाहू नये म्हणून तुझे सारे कसब पणाला लाव, असे डॉन त्याला सांगतो. ती मागणी रास्त आहे, करुण आहे, आणि तरीही तिथे उभा असलेला बोनासेरा भीतीने कापत असतो. तुमच्या नातवाला एवढेच सांगा, की तो मनुष्य दुःखी आहे याचे कारण त्याच्या मुलीवरचा अत्याचार हे आहेच, पण ज्या दाराशी कधी यावे लागू नये म्हणून तो आयुष्यभर झटला त्याच दारात तो उभा आहे, हेही आहे.

प्रश्न : सर, मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. मोबाईलवर डॉन कॉर्लिओनीचे संवाद रोज दिसतात. शून्यातून उभा राहिलेला उद्योजक, कुटुंबाला जपणारा, शब्दाला जागणारा, अमली पदार्थांना नकार देणारा. मग तो अमेरिकन ड्रीमचे यशस्वी उदाहरण का नाही? — एक तरुण वाचक, शिरपूर

उत्तर : प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. ऐंशीच्या दशकात भुसावळला एका मित्राच्या रेल्वे क्वार्टरमध्ये भाड्याचा व्हीसीआर आणून आम्ही हा चित्रपट पाहिला, तेव्हा आम्हीही महिनाभर डॉनची भूमिका करणाऱ्या मार्लन ब्रँडोसारखे गालात कापूस भरल्यागत बोलत होतो. त्यामुळे तुम्हाला हसण्याचा मला अधिकार नाही.

परंतु उद्योजक म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहा. त्याचे भांडवल कोणते? सोलोझो नावाचा अमली पदार्थांचा व्यापारी त्याच्याकडे येतो तेव्हा तो दहा लाख डॉलर रोख मागतो, पण त्याला त्याहून अधिक हवी असते ती दुसरीच वस्तू : जे राजकारणी तुम्ही खिशातल्या चिल्लरीसारखे बाळगता ते मला हवेत, असे तो म्हणतो. त्याबदल्यात तीस टक्के वाटा देऊ करतो. डॉनचा माल हाच आहे. तेलाचा धंदा, कामगार संघटना, जुगार हे सारे वरवरचे. खरी विक्री चालते ती न्यायाधीश, पोलीस आणि पुढारी यांच्या भिडेची. आणि तो अमली पदार्थांना नकार देतो त्याचे कारणही चित्रपटात त्याच्याच तोंडून येते. जुगाराला पुढारी निरुपद्रवी छंद मानतात. अमली पदार्थ म्हटले तर ते माझे मित्र राहणार नाहीत, असे तो सोलोझोला सांगतो. दुसरा मनुष्य पोट कसे भरतो याच्याशी मला कर्तव्य नाही, असेही तो त्याच संभाषणात म्हणतो. यात नीतीपेक्षा दुकानदारीच अधिक आहे.

‘नाकारता येणार नाही असा प्रस्ताव’ या संवादाची चित्रे तुमच्या मोबाईलवर नक्कीच आली असतील. तो प्रस्ताव काय होता, हे मायकलच सांगतो : एका वाद्यवृंद-चालकाच्या डोक्याला पिस्तूल लावले होते, आणि करारावर एक तर त्याची सही राहील किंवा त्याचा मेंदू, असे त्याला सांगण्यात आले होते. बाजारात दोन्ही बाजूंना ‘नको’ म्हणता येते म्हणून त्याला व्यवहार म्हणायचे. तेवढे एक काढून घेतले की जे उरते त्याला दुसरे नाव आहे.

या चित्रपटाची गंमत अशी, की गुंडांना व्यापाऱ्यांची भाषा बोलायला लावून त्याने व्यापाऱ्यांनाही आरसा दाखवला. कपोला यांना मारिओ पुझो यांची १९६९ ची कादंबरी प्रथम फारशी रुचली नव्हती. तिच्यात अमेरिकी भांडवलशाहीचे रूपक दिसले तेव्हा त्यांना तिच्यात रस वाटला. पाच टोळ्यांच्या प्रमुखांची बैठक भरते ते दृश्य पुन्हा पाहा. लांबलचक टेबल, फळांच्या परड्या, सूटबूट. एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळाची सभा वाटावी. तिथे बार्झिनी हा एका प्रतिस्पर्धी टोळीचा प्रमुख म्हणतो, की डॉन कॉर्लिओनीने आपल्या विहिरीचे पाणी आम्हालाही उपसू द्यावे, त्याचे बिल त्याने खुशाल लावावे. शेवटी आपण काही कम्युनिस्ट नाही. विहिरीतला हिस्सा आणि पाण्याची पाळी यांवरून भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या कशी चालते हे खानदेशात कोणाला सांगायला नको, पण त्या सभेत विहीर म्हणजे न्यायसंस्था आहे, आणि ती जणू एका माणसाची वडिलोपार्जित मालमत्ता असल्यासारखे सारे बोलत आहेत, हे ऐकताना अंगावर काटा येतो.

कुटुंबाला जपणारा, असे तुम्ही लिहिता. थोरला मुलगा टोलनाक्यावर मारला जातो. मुलीचा नवरा सासरच्याच हुकमाने गळा आवळून मारला जातो, आणि त्याच दिवशी त्याच्या बाळाच्या बाप्तिस्म्यात धर्मपिता म्हणून मायकल चर्चमध्ये सैतानाचा त्याग करण्याची शपथ घेत असतो. १९७४ च्या दुसऱ्या भागात मधला भाऊ फ्रेडो सख्ख्या भावाच्या आज्ञेने तळ्यात मारला जातो. असा वंशवृक्ष कोणत्या यशोगाथेत बसवायचा, ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : डॉनच्या ‘जेन्को’ ऑलिव्ह तेल कंपनीचे प्रयोजन काय? तेलच का? — व्यापारी, अमळनेर

उत्तर : अमळनेरच्या व्यापाऱ्याने तेलाविषयी विचारावे, यात नवल नाही. ही कंपनी काल्पनिक आहे. व्हिटोच्या तरुणपणीच्या मित्राचे, जेन्को अबांदान्दोचे, नाव तिला दिलेले आहे. इटालियन वस्तीत ऑलिव्ह तेल घरोघरी लागते, ते मायदेशातून आयात करावे लागते, त्यामुळे गोदामे, मालमोटारी, बंदरावरच्या ओळखी आणि रोख पैसा यांचे स्पष्टीकरण कोणाला द्यावे लागत नाही. म्हणजे पांघरूण म्हणून धंदा उत्तम. डॉनवर भर रस्त्यात गोळ्या झाडल्या जातात तेव्हा तो याच कंपनीच्या कचेरीतून खाली उतरून फळवाल्याकडे संत्री घेत असतो.

तुमच्या पत्रामुळे एक योगायोग ध्यानात आला. चित्रपटातील लग्न १९४५ च्या उन्हाळ्यातील आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तुमच्या गावात मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली, जी पुढे ‘विप्रो’ झाली. त्यांचा मुलगा अझीम अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता. १९६६ मध्ये वडील अचानक वारले आणि एकविसाव्या वर्षी शिक्षण अर्धवट सोडून तो बापाच्या तेलाच्या धंद्यात येऊन बसला. मायकलची गोष्ट वरवर पाहता हीच : शिकलेला, बापाच्या वाटेने न जाणारा मुलगा, बापावरचे संकट आणि अचानक गळ्यात पडलेला तेलाचा धंदा.

पुढची वाट मात्र पूर्ण वेगळी आहे, आणि ती का वेगळी आहे हे चित्रपट समजून घेण्यासाठी उपयोगी पडते. अमळनेरच्या कंपनीचे समभाग होते, ते गावातल्या साध्या माणसांनी घेतले, जपून ठेवले आणि त्यांची पुढे चांगली चांदी झाली, हे तुम्ही माझ्याहून जवळून पाहिले असेल. समभाग घेणारा मनुष्य मालकाचा मिंधा नसतो. त्याने रक्कम मोजलेली असते आणि लाभांश हा त्याचा हक्क असतो. मालकाच्या मुलीच्या लग्नात जाऊन त्याला हाताचे चुंबन घ्यावे लागत नाही. कॉर्लिओनी कुटुंबाचा धंदा कायदेशीर करण्याचे मायकल भावी पत्नीला वचन देतो, पाच वर्षांची मुदतही सांगतो. तसा तो कधीच होत नाही, कारण त्याच्या तेलाच्या पिंपात तेल कमी आणि उपकारच अधिक भरलेले आहेत, आणि उपकारांचे समभाग काढता येत नाहीत.

प्रश्न : चित्रपटात ‘माफिया’ हा शब्द एकदाही येत नाही, हे खरे का? — नंदुरबार

उत्तर : खरे आहे. चित्रीकरणाच्या वेळी इटालियन-अमेरिकन नागरी हक्कांच्या नावाने काम करणाऱ्या एका संघटनेने आक्षेप घेतला आणि निर्मात्यांनी १९७१ मध्ये तो शब्द गाळण्याचे मान्य केले. तो पटकथेत तसाही फार थोड्या ठिकाणी होता. या संघटनेचा संस्थापक जोसेफ कोलंबो हा स्वतः न्यूयॉर्कमधील एका गुन्हेगारी टोळीचा प्रमुख होता. त्या शब्दाच्या जागी ‘कुटुंब’ हा शब्द आला आणि चित्रपटाचे भलेच झाले.

प्रश्न : आपल्याकडे यावरून हिंदी चित्रपट निघाले त्यांत आणि मूळ चित्रपटात मुख्य फरक कोणता? — धुळे

उत्तर : ‘धर्मात्मा’ (१९७५) आणि ‘सरकार’ (२००५) हे उघडच त्याचे वंशज आहेत. परंतु फरक पाहायचा असेल तर त्याची नक्कल नसलेला ‘दीवार’ (१९७५) घ्या. तिथे आई गुन्हेगार मुलाचे वैभव सोडून पोलीस असलेल्या मुलाबरोबर निघून जाते, म्हणजे कायद्याची बाजू आईने उचलून धरलेली असते. कॉर्लिओनींच्या घरात आई स्वयंपाक करते, लग्नात गाणे म्हणते आणि कोणाला काही विचारत नाही. हिंदी चित्रपटाला निदान घरात एक न्यायालय हवे असते.

प्रश्न : शेवटी मायकलची पत्नी के हिच्या तोंडावर दार बंद होते. एवढ्या मोठ्या चित्रपटाचा शेवट तिच्यावर का? पूर्ण चित्रपटात तर बायकांना बोलूच दिलेले नाही. — गृहिणी आणि वाचक, जळगाव

उत्तर : ताई, तुमची तक्रार योग्य आहे, आणि मला वाटते दिग्दर्शकालाही ती मान्य असावी, म्हणूनच शेवट तिथे केला आहे. छायालेखक गॉर्डन विलिस यांनी पहिल्या प्रसंगात दोन जगे उभी केली. बाहेर उन्हात लग्न, बायका, मुले, केक. आत पडदे ओढलेल्या खोलीत पुरुष आणि त्यांच्या डोळ्यांतले भाव दिसू नयेत इतका काळोख. विलिस डोळ्यांवर प्रकाशच पडू देत नसत, याबद्दल स्टुडिओची मंडळी नाराज होती. आपल्याकडेही मांडवात अक्षता पडत असताना मागच्या खोलीत दोन्हीकडचे कर्ते पुरुष बसून काय काय ठरवत असतात, आणि चहाचा ट्रे घेऊन आलेली सून आत आली की बोलणे कसे थांबते, हे तुम्ही पाहिले असेलच.

के ही इटालियन नाही. ती जुन्या अमेरिकी घराण्यातील शिक्षिका आहे. ‘ते माझे घराणे आहे, मी तसा नाही,’ असे मायकल तिला बहिणीच्या लग्नाच्या मांडवात सांगतो, तेव्हा तो तिला त्या स्वप्नाचेच वचन देत असतो. पुढे तो तिला म्हणतो, की माझा बाप कोणत्याही सत्ताधारी माणसासारखाच आहे. सिनेटर आणि राष्ट्राध्यक्ष माणसे मारवत नाहीत, असे ती उत्तर देते. मग भोळे कोण आहे, असा तो उलट प्रश्न करतो. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, १९७२ च्या प्रेक्षकाला तो प्रश्न केवढा झोंबला असेल!

अखेरीस मेहुण्याचा खून तू करवलास का, असे ती विचारते. माझ्या धंद्याविषयी विचारू नकोस, असे म्हणून तो चिडतो, मग एकदाच विचार, असे म्हणतो आणि ‘नाही’ असे शांतपणे खोटे बोलतो. ती सुटकेचा निःश्वास टाकते. मग दाराच्या चौकटीतून तिला दिसते : माणसे आत येतात, तिच्या नवऱ्याच्या हाताचे चुंबन घेतात, त्याला डॉन म्हणतात. दार लोटले जाते. पहिल्या प्रसंगात आपण प्रेक्षक त्या खोलीच्या आत होतो. शेवटी कॅमेराही मायकलला सोडून केच्या चेहऱ्यावर येऊन थांबतो. तीन तास आपल्याला आतले सारे सांगितल्यानंतर दिग्दर्शकाने आपल्याला तिच्या रांगेत उभे केले, हे मला त्या चित्रपटातील सर्वांत धीट काम वाटते.

प्रश्न : मी मूळचा नंदुरबार जिल्ह्यातील. वीस वर्षांपासून सुरतला उधना भागात लूमच्या कारखान्यात आहे. इथे आमच्या लोकांना खोली, काम, दवाखाना, सर्व बघणारा एक मोठा माणूस आहे. लोक त्याला गमतीने गॉडफादर म्हणतात. चित्रपट पाहिल्यावर मला प्रश्न पडला की त्याला चांगला म्हणावे की वाईट. — एक वाचक, सुरत

उत्तर : भाऊ, या सर्व पत्रांत तुमचे पत्र मी सर्वाधिक वेळा वाचले. तुम्ही मोठा प्रश्न जिवंत माणसाविषयी विचारला आहे, आणि त्या माणसाला मी ओळखत नाही, म्हणून चित्रपटाच्या आधारेच जेवढे बोलता येईल तेवढे बोलतो.

दुसरा भाग मिळाला तर जरूर पाहा. त्यात नऊ वर्षांचा व्हिटो १९०१ मध्ये एकटा न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरतो. त्याचे आडनाव अंदोलिनी; कारकून गावाचेच नाव, कॉर्लिओनी, आडनाव म्हणून लिहून टाकतो. देवीचा रोग म्हणून त्याला तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवतात आणि तिथल्या खिडकीपलीकडे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा असतो. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन असे आले. भाषा येत नाही, कागद वाचता येत नाही, कारखान्यात ओळख नाही. अशा माणसाला सर्वांत आधी लागतो तो आपल्या बोलीत बोलणारा कोणी तरी. तुम्ही गाडीतून सुरतच्या स्टेशनावर उतरलात तेव्हा ‘काळजी करू नको, मी शे ना’ असे म्हणणारा जो कोणी भेटला असेल, त्याचे मोल मी पुस्तके वाचून ठरवू शकत नाही.

त्याच भागात एक छोटा प्रसंग आहे. एका विधवेला घरमालक खोली सोडायला सांगतो, कारण तिच्या मुलाने कुत्रा पाळला आहे. तरुण व्हिटो त्या घरमालकाला रस्त्यात गाठून अत्यंत नम्रपणे विनंती करतो, सहा महिन्यांचे भाडे आगाऊ देतो, एवढेच म्हणतो की शेजारीपाजारी माझ्याविषयी चौकशी करा. घरमालक चौकशी करतो आणि दुसऱ्या वेळी घाम पुसत येतो, पैसे परत करतो, भाडे आपणहून कमी करत जातो, आणि जाताना घाईत त्याला दार उघडता येत नाही. प्रेक्षक खळखळून हसतात. मीही दर वेळी हसतो.

पण घरमालकाला शेजारीपाजारी काय कळले असेल, याचा विचार करा. थोड्याच वेळापूर्वी व्हिटोने गल्लीतल्या फानुची नावाच्या खंडणीखोराला उत्सवाच्या गर्दीत त्याच्या घरापर्यंत गाठून ठार केलेले असते. विधवेला मिळालेल्या स्वस्त खोलीत त्या खुनाचा वाटा आहे. ती बाई वाईट नाही, तिची गरज खरी आहे, आणि व्हिटोचा त्या क्षणीचा कळवळाही मला खोटा वाटत नाही. म्हाताऱ्या वयात हाच व्हिटो मायकलला बागेत सांगतो, की मोठ्या लोकांच्या हातातल्या दोरीवर नाचणारी बाहुली व्हायला मी नकार दिला. तुझ्या वेळेपर्यंत दोऱ्या तुझ्या हातात येतील, तू सिनेटर, गव्हर्नर असा कोणी तरी होशील, असे मला वाटले होते. स्वतः मिंधे न राहण्यासाठी त्याने अर्धे शहर मिंधे करून ठेवले, आणि दोऱ्या तोडता येतात हे त्याला शेवटपर्यंत सुचले नाही. कादंबरीच्या मुखपृष्ठावर आणि चित्रपटाच्या जाहिरातीवर कठपुतळीच्या दोऱ्या धरलेला हात आहे, तो याचसाठी.

तेव्हा तुमच्याकडच्या त्या मोठ्या माणसाविषयी मी तुम्हाला तीन गोष्टी तपासायला सांगेन. त्याने मिळवून दिलेल्या कामाचा पगार तुमच्या हातात येतो की त्याच्या हातून येतो. त्याने सांगितलेल्या ठिकाणी मत द्यायला किंवा मोर्चाला जायला तुम्ही एकदा नकार दिलात तर खोली राहते की जाते. आणि त्या खोलीचा भाडेकरार कोणाच्या नावावर आहे. तो तुमच्या नावावर नसेल तर या दिवाळीला गावी येण्यापूर्वी तेवढे काम उरकून घ्या. तो मनुष्य चांगला असेल तर स्वतः तुमच्याबरोबर वकिलाकडे येईल.